आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आठवडाभर सायकल: गाइडेड टूर कशी ठरवायची, कशी पूर्ण करायची

आयर्लंडला सायकल ट्रिप म्हटलं की लोकं पहिलं विचारतात, रोज किती किलोमीटर चालवायची? मी पण टूरवाल्यांना पहिला मेल केला तेव्हा हेच विचारलं होतं. आता जाऊन आल्यावर कोणी विचारलं तर मी सांगते की किलोमीटर नंतर बघू, आधी वारा कुठून येतो ते बघ. अटलांटिकचा वारा जास्त करून नैऋत्येकडून येतो आणि तोंडावर घेऊन 30 किमी चालवणं हे पाठीवर घेऊन 60 चालवण्यापेक्षा जड जातं, हे मी अगदी मनापासून सांगतेय. मी आणि माझी ताई, ती साठीची, मी पन्नाशीची, दोघींनी गॉलवे ते वेस्टपोर्ट हा आठवडा केला, आणि हा लेख आमच्यासारख्यांसाठीच आहे, म्हणजे सायकल चालवता येते, आवड आहे, पण रेसर नाही.

आधी भाग आणि दिशा ठरवा

आयर्लंडचा पश्चिम किनारा म्हणजे वाइल्ड अटलांटिक वे, दक्षिणेला किन्सेलपासून उत्तरेला डोनेगॉलपर्यंत 2,500 किमीचा रूट, 2014 मध्ये सुरू झालेला. एका आठवड्यात याचा एक छोटा तुकडाच होतो आणि तेवढाच करावा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना माझा सल्ला कॉनेमारा आणि मेयो, म्हणजे गॉलवेपासून वेस्टपोर्टपर्यंत. बेट आहे, दलदलीचं पठार आहे, फ्योर्ड म्हणजे डोंगरांत आत घुसलेला समुद्र आहे, डोंगर आहेत, आणि शेवटी ग्रीनवे म्हणजे गाड्या नसलेला सायकलचा रस्ता आहे. आणि मुख्य म्हणजे हा रूट दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो, त्यामुळे नैऋत्येचा वारा बऱ्याच वेळा पाठीशी किंवा बाजूला असतो. काही टूर हाच रूट उलटा पण करतात. बुक करण्याआधी नकाशा उघडून रोजच्या टप्प्याची दिशा बघाच.

महिना मे किंवा जून. पश्चिमेच्या काही भागात वर्षातले साधारण 225 दिवस पाऊस पडतो, त्यामुळे कोरडा आठवडा मिळेल असं कोणीच सांगू शकत नाही, पण मे-जून त्यातल्या त्यात बरे. जूनमध्ये सूर्य मावळतो रात्री दहा वाजून गेल्यावर, म्हणजे घाई कसलीच नाही, दुपारी दोन तास पाऊस थांबायची वाट बघत चहा पीत बसलात तरी चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्ट्या, रस्त्यावर कॅम्परव्हॅन आणि हॉटेलं फुल. सप्टेंबर छान असतो पण एक गोष्ट फार कोणी सांगत नाही, तिथे 1 मार्च ते 31 ऑगस्ट पक्ष्यांसाठी कुंपणाची झाडं छाटायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे सप्टेंबर लागला की छाटणी सुरू होते आणि काटे रस्त्यावर येतात. पंक्चरचा सीझन तो.

टूर कंपनीला काय विचारायचं

गाइडेड आणि सेल्फ-गाइडेड यात गोंधळ करू नका. सेल्फ-गाइडेडमध्ये ते तुमची बॅग पुढच्या हॉटेलात पोचवतात आणि रूट देतात, बाकी तुमचं तुम्ही. गाइडेडमध्ये गाइड सोबत सायकल चालवतो आणि मागे व्हॅन असते. पहिल्यांदा जात असाल तर गाइडेडच घ्या, पैसे जास्त जातात पण त्या व्हॅनची किंमत पावसातल्या तिसऱ्या दिवशी कळते.

विचारायचे प्रश्न असे. व्हॅन पूर्ण वेळ मागे असते का फक्त सामान पोचवून निघून जाते? ग्रुप किती जणांचा आणि गाइड किती? दहा जणांना एकच गाइड असेल तर पुढचे आणि मागचे यांच्यात मोठ्ठं अंतर पडतं. रोजच्या टप्प्याला छोटा आणि मोठा असे दोन पर्याय आहेत का? सायकल टूरच्या किमतीत आहे का वेगळी? ई-बाइकचे किती जास्त? एकट्याने जात असाल तर सिंगल रूमचे किती वाढतात? दुपारची जेवणं बहुतेक वेळा धरलेली नसतात, रात्रीची काही धरलेली असतात, ते स्पष्ट करून घ्या. खराब हवेमुळे बेटावर जाणारी फेरीबोट रद्द झाली तर त्या दिवशी काय करणार, हे पण विचाराच, कारण असं होतं. एका कंपनीने आम्हाला या प्रश्नाचं सरळ उत्तर तीन मेलनंतरही दिलं नाही, आम्ही तिथे बुक केलं नाही.

ताईने ई-बाइक घेतली, मी साधी हायब्रिड. ई-बाइकबद्दल कोणाच्या मनात काही असेल तर काढून टाका, वाऱ्याच्या प्रदेशात ती फार कामाची आहे आणि दोन वेगळ्या ताकदीच्या माणसांना बरोबर चालवता येतं. इथून न्यायचा विचार मात्र करू नका, तिची बॅटरी विमानात घेत नाहीत.

व्हिसा आणि तिकीट

आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसावर जाता येत नाही, इथे बऱ्याच जणांची चूक होते. भारतीय पासपोर्टला आयर्लंडचा शॉर्ट स्टे व्हिसा लागतो, ऑनलाइन फॉर्म भरून कागदपत्रं व्हीएफएस या व्हिसा केंद्रात द्यायची, प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. सिंगल एंट्रीची फी 60 युरो. टूर कंपनीकडून तारखा आणि रोजचं हॉटेल लिहिलेलं पत्र मागून घ्या, ते अर्जाला जोडायचं. लंडनलाही जायचं असेल तर ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम भारतीयांना लागू आहे, एकाच व्हिसावर दोन्ही देश होतात, पण ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरायचं. भारतातून डब्लिनला थेट विमान नाही. आम्ही आखातातून गेलो. लंडनहून विमान बदलणार असाल तर ट्रान्झिटचे नियम तिकीट काढायच्या आधी बघा, नंतर नाही.

डब्लिन एअरपोर्टवरूनच गॉलवेला थेट बस आहे, अडीच-तीन तास. टूर सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गॉलवेत पोचा, त्याच दिवशी नको.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना सायकलिंग कव्हर होतं का ते पॉलिसीत शोधा. एजंटच्या तोंडी सांगण्यावर राहू नका.

शरीराची तयारी, दोन-तीन महिने

मोठ्या टप्प्यांच्या दिवशी 40 ते 55 किमी असतात, दिवसभरात, थांबत थांबत. एक दिवस 50 किमी कोणीही करतं, खरी परीक्षा सलग सहा दिवस सीटवर बसण्याची आहे. म्हणून शनिवार-रविवार सलग चालवा. आम्ही पुण्यात खडकवासला-पानशेत रस्त्यावर चालवायचो, तिथे छोटे चढ-उतार सतत येतात आणि कॉनेमाराचे चढ असेच आहेत, लांब घाट नाहीत, पण सारखं वर आणि खाली. कोकणात जमत असेल तर दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर हा पट्टा त्याहून चांगला, तिथे समोरून येणारा समुद्रवाराही मिळतो. सीट दुखणार नाही अशी सवय व्हायला साधारण सहा आठवडे लागतात.

आणि एक काम घरी करा. तुमच्या सायकलची सीट तुम्हाला बरोबर बसते ना, मग दोन्ही पेडल ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून सीटच्या वरच्या भागापर्यंत टेपने माप घ्या आणि लिहून ठेवा. तिथे सायकल मिळाली की तेवढंच माप लावून घ्यायचं. मला पहिल्या दिवशी दिलेली सीट दोन सेंटिमीटर खाली होती, 20 किमीत गुडघा बोलायला लागला, माप जवळ होतं म्हणून दोन मिनिटांत काम झालं.

बॅगेत काय

शिवणींवर आतून टेप लावलेलं खरं वॉटरप्रूफ जॅकेट, आपल्याकडचा रेनकोट नाही, त्यात आतून घामाने भिजता. पॅडेड शॉर्ट्स तीन, त्याच्या आत अंडरवेअर घालायची नाही, शिवण घासते. लोकरीचे किंवा लवकर सुकणारे टीशर्ट, कॉटन अजिबात नको. पिवळं किंवा नारंगी जॅकेट असेल तर उत्तम, ढगाळ उजेडात गाडीवाल्याला लांबून दिसता. हेल्मेट कायद्याने सक्तीचं नाही पण टूरवाले घालायलाच लावतात. चार्जरसाठी इंग्लंडसारखा चौकोनी तीन पिनांचा अडॅप्टर.

आणि पूर्ण बोटांचे वॉटरप्रूफ ग्लोव्हज. हे मी नेले नव्हते. तिसऱ्या दिवशी बॅलीकॉनिलीच्या किनाऱ्यावर आडवा पाऊस लागला, जूनचा महिना, आणि अर्ध्या तासात माझी बोटं इतकी गारठली की उतारावर ब्रेक दाबता येईना. मी उतरून चालायला लागले. गाइडने व्हॅनमधून कोरडे लोकरी मोजे आणले आणि माझ्या दोन्ही हातांत घालून दिले, वरून प्लास्टिकची पिशवी, आणि म्हणाला पाच मिनिटं काखेत हात धरून उभी राहा. ते मोजे मी दिवसभर काढले नाहीत.

खाऊ नेताना लक्षात ठेवा, युरोपियन युनियनमध्ये बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तुपातले लाडू घरीच. शेंगदाण्याची चिक्की न्या, साध्या गुळाची, खिशात राहते आणि चढाआधी दोन तुकडे पुरतात. ग्रुपमधल्या बेल्जियन, अमेरिकन सगळ्यांना आमची चिक्की आवडली, चौथ्या दिवशी संपली.

रस्त्यावरच्या सवयी

आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, त्यामुळे युरोपातल्या बाकी देशांपेक्षा आपल्याला हे सोपं. N ने सुरू होणारे रस्ते हायवे, ते टाळायचे, R म्हणजे मधले, L म्हणजे गावातले. ग्रामीण L रस्त्यांची स्पीड लिमिट 2025 पासून 80 ची 60 केली आहे. अगदी बारीक रस्त्याला तिथे बोरीन म्हणतात, मध्ये गवताची पट्टी असते, तिच्यावर चाक नेऊ नका, ओलं असलं की घसरतं. दोन्ही बाजूंना चुना-सिमेंट न लावता रचलेल्या दगडी भिंती, दगडांच्या फटीतून पलीकडचं आकाश दिसतं, मला आधी वाटलं पडायला आल्यात, गाइडने सांगितलं की त्या फटींतून वारा जातो म्हणूनच त्या उभ्या आहेत.

गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात आडवे लोखंडी पाइप टाकलेले असतात, कॅटल ग्रिड. त्यावर सरळ काटकोनात जायचं, हँडल घट्ट, ब्रेक नाही, वळायचं नाही. पाऊस असेल तर उतरून चाललेलं बरं. मेंढ्या रस्त्यातच बसलेल्या असतात, पाठीवर निळे-लाल रंग, त्यांच्याजवळ वेग कमी करा कारण कोकरू अचानक आईकडे पळतं. समोरून येणारा गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो, तो नमस्कार आहे, तुम्ही पण मान हलवा.

साउथ कॉनेमारा आणि अॅरन बेटं आयरिश भाषेचा भाग आहे, तिथे पाट्या फक्त आयरिशमध्ये. क्लिफडन शोधत असाल तर पाटीवर An Clochán म्हणजे अन क्लोखान असतं, त्यामुळे दोन्ही नावं लिहून ठेवा. आणि टॉयलेटच्या दारावर Fir म्हणजे पुरुष, Mná म्हणजे बायका. इंग्रजी डोक्याने F म्हणजे फीमेल आणि M म्हणजे मेल असं वाचलं तर नेमकं उलटं दार उघडलं जातं. इमर्जन्सी नंबर 112.

आता दिवसवार

पहिला दिवस गॉलवेत सायकल घेणं, माप लावणं, गाइडचं ब्रीफिंग आणि 10-15 किमीची छोटी फेरी. गिअर कसे बदलतात ते आजच नीट समजून घ्या. ब्रेकचं पण बघा, काही सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो तर काहींना डाव्या.

दुसरा दिवस इनिश मोर, अॅरन बेटांपैकी एक. रोसाव्हील बंदरातून फेरीबोट, 40 मिनिटं. बेट सुमारे 14 किमी लांब, गाड्या कमीच. जाताना किनाऱ्याचा खालचा रस्ता घ्या, सपाट आहे आणि वाटेत सील दिसतात. किलमर्व्हीच्या बीचपाशी सायकली लावून डून एंगसला चालत चढायचं, सुमारे एक किमी, शेवटी खडबडीत दगड, त्यामुळे पेडलला अडकणारे क्लीटवाले बूट नकोत. हा प्राचीन दगडी किल्ला जवळपास 100 मीटरच्या कड्यावर अर्धा कापल्यासारखा उभा आहे आणि कड्याला कठडा नाही. उभं राहून वाकू नका, पोटावर झोपून बघा, सगळे तसंच बघतात. इथली शेतांची माती सुद्धा माणसांनी केलेली आहे, खडकावर वाळू आणि समुद्री शेवाळ वर्षानुवर्षं टाकून. एक आजोबा अंगणाएवढ्या बटाट्याच्या वाफ्यात शेवाळ पसरत होते, ताई भिंतीपाशी वीस मिनिटं उभी राहिली, आमच्या आजोबांची कोकणातली तरवा भाजण्याची तयारी तिला आठवली.

तिसरा दिवस व्हॅनने राउंडस्टोनला आणि तिथून किनाऱ्याने क्लिफडन, साधारण 25 किमी. हा टप्पा आधी पश्चिमेकडे जातो म्हणून वारा तोंडावर किंवा आडवा, अंतर कमी आहे म्हणून हलका समजू नका. राउंडस्टोनच्या अलीकडे बॅलिनाहिंच कॅसल लागतो, तो 1920 च्या दशकात नवानगरच्या जामसाहेब रणजितसिंहजींनी विकत घेतला होता, ज्यांच्या नावाने आपला रणजी करंडक आहे तेच. ते मासेमारीसाठी इथे येऊन राहायचे. पुढे क्लिफडनच्या आधी डेरीगिमलाचं बॉग म्हणजे दलदल, काळ्या पाण्याची तळी आणि पीटच्या, म्हणजे जळणासाठी कापून वाळत घातलेल्या दलदलीच्या मातीच्या विटा. 15 जून 1919 ला अॅलकॉक आणि ब्राउन या वैमानिकांनी न थांबता अटलांटिक पार करून विमान इथे उतरवलं, वरून हिरवं कुरण वाटलं आणि नाक चिखलात रुतलं. मार्कोनीचं वायरलेस स्टेशनही इथेच होतं. पाच किमीची फेरी आहे, रस्ता खडीचा, हळू जा.

चौथा दिवस क्लिफडनमध्येच मुक्काम आणि स्काय रोड, साधारण 16 किमीचा लूप. वरचा आणि खालचा असे दोन रस्ते फुटतात, वरच्याचा चढ खरंच उभा आहे. मी शेवटचा भाग ढकलत नेला. सकाळी लवकर निघा म्हणजे गाड्या कमी. दुपारी विश्रांती घ्या, कपडे धुवा, आठवड्याच्या मधला हा अर्धा दिवस पुढच्या तीन दिवसांना फार उपयोगी पडतो.

पाचवा दिवस क्लिफडन ते लेटरफ्रॅक, कायलमोर अॅबी, लीनान. सरळ हायवेने साधारण 35 किमी, पण चांगला गाइड क्लेगनकडून गावातल्या रस्त्यांनी नेतो, मग 45-50 होतात आणि ते जास्त छान. दिशा ईशान्येकडे, वारा पाठीशी, आम्ही उडत गेलो. कायलमोरच्या अॅबीत, म्हणजे मठात, 1920 पासून बेनेडिक्टाइन नन्स राहतात, त्यांनी मुलींची शाळा चालवली आणि रणजींच्या पुतण्या तिथे शिकल्या. दोन तास राखून ठेवा. मग लीनान, किलरी फ्योर्डच्या टोकाला, 16 किमी आत घुसलेला समुद्र आणि त्यात शिंपल्यांच्या (मसल्स) शेतीचे पिंप रांगेत तरंगत असतात. संध्याकाळी वारा पडला की मिजेस येतात, चिलटांपेक्षा बारीक आणि चावतात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

जेवणाचं इथेच सांगते. पबची किचन साधारण रात्री नऊला बंद होतात, उजेड बघून फसू नका. शाकाहारी असाल तर दुपारी सूप आणि ब्राउन सोडा ब्रेड सगळीकडे मिळतो, फक्त सूपचा स्टॉक भाज्यांचा आहे का ते विचारा. सकाळचा पॉरिज म्हणजे ओट्सची लापशी पोटभर खा, चढाला तोच लागतो. आणि चहा! कडक, दुधाचा, किटलीभर, दिवसातून कितीही वेळा.

सहावा दिवस मला सगळ्यात जवळचा. लीनानहून अॅस्लीचा धबधबा, मग R335 ने डूलॉक दरी, लुइसबर्ग आणि वेस्टपोर्ट, सुमारे 53 किमी. चढ सौम्य आहे, एका बाजूला काळं तळं, दोन्हीकडे उघडे डोंगर, घर नाही. मार्च 1849 मध्ये, बटाट्याच्या दुष्काळात, लुइसबर्गच्या उपाशी लोकांना धान्य मिळण्यासाठी तपासणीला हजर राहा म्हणून या रस्त्याने डेल्फी नावाच्या ठिकाणापर्यंत चालवलं, तिथे गेल्यावर काहीच मिळालं नाही, आणि परतीच्या गारठ्यात बरेच जण वाटेत मेले. रस्त्याच्या कडेला साधा दगडी क्रॉस आहे आणि त्यावर गांधीजींचं वाक्य कोरलेलं आहे, दुसऱ्याची मानहानी करून माणसाला स्वतःचा मान वाढल्यासारखा कसा वाटू शकतो, अशा अर्थाचं. आम्ही दोघी काही बोललो नाही. थांबा तिथे. गाइड घाई करत असेल तरी थांबा, जेवायला अर्धा तास उशीर झाला तर होऊ दे. लुइसबर्गनंतर रस्ता पूर्वेला वळतो, पाठीवर वारा, उजवीकडे 764 मीटरचा क्रो पॅट्रिक, डावीकडे क्ल्यू बेची बेटं.

सातवा दिवस ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे, 1937 मध्ये बंद पडलेल्या रेल्वेलाइनवर केलेला, वेस्टपोर्ट ते अॅकिल 40 हून थोडे जास्त किमी. इथे माझं कळकळीचं सांगणं, वेस्टपोर्टहून निघू नका. सकाळी व्हॅनने अॅकिलला जा आणि तिकडून मलरॅनी, न्यूपोर्ट करत परत या, म्हणजे वारा पाठीशी. जुना रेल्वेमार्ग असल्याने चढ हलके, गाड्या नाहीत. शेतांमधून जाताना फाटकं लागतात, उघडलंत तर मागे लावा, नाहीतर कोणाच्या मेंढ्या हरवतील. दमलात तर न्यूपोर्टला थांबून व्हॅन बोलवा, शेवटचे 12 किमी सोडले तर काही बिघडत नाही, ताईने सोडले आणि ती आमच्या आधी हॉटेलात चहा घेऊन बसली होती.

गाइडला टीप देण्याची सक्ती नसते, बहुतेक ग्रुप शेवटच्या रात्री मिळून पाकीट देतात. दुसऱ्या दिवशी वेस्टपोर्टहून डब्लिनला थेट ट्रेन आहे, सव्वातीन तासांच्या आसपास, ह्यूस्टन स्टेशनला उतरवते, तिथून एअरपोर्ट शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यामुळे त्याच संध्याकाळची फ्लाइट घेऊ नका, एक रात्र डब्लिनमध्ये काढा आणि ओले बूट वर्तमानपत्र कोंबून रात्रभर सुकत ठेवा.